पेटी कोणाच्या हातात होती

हसुराम घरत गेल्याचं मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. नववीचा तास चालू होता आणि मी फळ्यावर तरफेचे प्रकार काढत होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, पनवेलचा रेडिओवाला गेला. सकाळी दुकान उघडताना पडला तो पडलाच." मी खडू ठेवला आणि अर्ध्या दिवसाची रजा मागायला मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाईट झालं. गुणी माणूस. शोकसभा घ्यायला हवी... संस्थेच्या अध्यक्षसाहेबांना कुठला वार सोयीचा आहे तेवढं विचारून या, तुमचं तिकडं जाणं-येणं असतं." त्या वाक्याची मला जी किळस आली ती पाच आठवडे झाले तरी गेलेली नाही. त्याहून मोठी किळस ही, की त्या संध्याकाळी स्मशानातून परतताना मी खरोखरच अध्यक्षांच्या बंगल्यावर गेलो, पायरीवर चपला काढल्या आणि वार विचारून आलो. गुरुवार ठरला.

या पुरवणीच्या वाचकांना हसुराम माहीत असण्याचं काही कारण नाही. पनवेलच्या बाजारात मासळीवाल्या बायका बसतात त्या बोळाच्या तोंडाशी त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन फळ्या काढल्या की उघडणारी एक खोली. मूळ गाव करंजाड्याच्या अंगाला, खाडीला लागून. घरची थोडी खारातली, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीतली, भातशेती, वडील जन्मभर मिठागरावर राबलेले. महायुद्धाच्या काळात हा पोरगेला असतानाच आरमारात भरती झाला आणि तिथं वायरलेसचं काम शिकला. सुटून आला तेव्हा त्याच्यापाशी एक लोखंडी पेटी होती, आणि तिच्यात कपड्यांऐवजी इंग्रजी मासिकं. छोटी विमानं घरी कशी बनवावीत आणि जमिनीवर उभं राहून बिनतारी यंत्रानं ती आकाशात कशी वळवावीत, हे त्या मासिकांत नकाशांसकट दिलेलं होतं. कुणा साहेबानं जाताना ती टाकून दिली होती. हसुरामनं ती उचलली आणि पुढची वीस वर्षं तो त्यांत अडकला.

माझी त्याची ओळख झाली ती माझ्या रेडिओच्या घरघरीमुळे. मी देशावरून इथं विज्ञानाचा शिक्षक म्हणून नवीनच आलो होतो. त्याच्या दुकानात वर वाशांना बांबूच्या कामट्यांचा एक लांबलचक सांगाडा टांगलेला दिसला. मी विचारलं, "हे काय, पतंग?" त्यानं डाग देण्याची सळई खाली ठेवली आणि जरा लाजत म्हणाला, "इमान हाय, मास्तर. लहान हाय, पन इमानच हाय." त्या दिवसापासून माझे रविवार त्याच्याकडे गेले. चौदा-पंधरा वर्षांच्या आमच्या मैत्रीत तो मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणाला आणि मी त्याला 'तू'. हे तेव्हा मला कधी खटकलं नाही. आता लिहिताना खटकतं आहे.

त्या मासिकांत सांगितलेलं हलकं लाकूड इकडं मिळायचं नाही. त्यानं पांगाऱ्याचं लाकूड कापून, तासून, उन्हात वाळवून पाहिलं आणि ते चाललं. पंखांवर ताणून बसवायला अनसूयावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, आपलं जुनं रेशमी पातळ दिलं. अंगठ्याएवढं इंजिन त्यानं बोटीवरच्या एका ओळखीच्या फिटरकरवी परदेशातून मागवलं. त्याला ईथर, रॉकेल आणि एरंडेल असं मिश्रण पाजावं लागे. त्या वासानं सगळा बोळ भरून जायचा आणि समोरच्या मासळीवाल्या ओरडायच्या, "हसुराम, तुज्या इमानाला दवाखान्यात ने, त्याचा प्वाट बिगडलाय!" पहिली तीन विमानं बिनतारी यंत्राशिवाय उडवली. ती सोडली की जात ती जातच. दोन खाडीत गेली, एक मिठागराच्या पलीकडे कुठंतरी. चौथ्यात त्यानं रेडिओ बसवला. पण त्यासाठी आधी सरकारी लायसन लागायचं, आणि चीनच्या लढाईनंतर तर वायरलेस हा शब्द ऐकला तरी कचेरीतले लोक दबकत. दोन वर्षं तो अर्ज करत होता. अर्ज मी लिहायचो, खेटे तो घालायचा. शेवटी लायसन आलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की हे यंत्र धारकानं स्वतःच चालवावं, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये. ते वाक्य त्यानं मला दोनदा वाचायला लावलं.

भात कापून झालं की खारातली शेतं पार बांधापर्यंत मोकळी होत. तिथं सकाळी वारा पडलेला असताना आम्ही जायचो. पेटी जमिनीवर, तिच्यातून वर गेलेली माणसाच्या दुप्पट उंच तार, आणि पेटीपासून वायरनं जोडलेलं एक बटण हसुरामच्या मुठीत. सगळं विमान त्या एका बटणावर. एकदा दाबून धरलं की उजवीकडे वळायचं, सोडून पुन्हा दाबलं की डावीकडे, आणि सोडून दिलं की सरळ. बस्स, इतकंच. पण हसुरामच्या हातात ते असलं की विमान बांधाबांधानं जायचं, खाडीच्या काठाशी वळायचं, इंधन संपून इंजिन गप्प झालं की अगदी बगळ्यासारखं तरंगत आमच्या पायांशी येऊन टेकायचं. तो त्याच्याशी बोलत असे... "ये, ये बाय, हलू ये." एकदा त्यानं, लायसनातलं ते वाक्य विसरून, मला बटण दिलं. मी घाबरून ते दाबूनच धरलं. विमान एका बाजूला कलंडून गिरक्या घेत खाली यायला लागलं, तसं त्यानं माझ्या मुठीवरून आपला हात घालून बोट सोडवलं. विमान सावरलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दाबनं कोनालाबी येतं, मास्तर. सोडनं यायला पायजे." म्हणजे पुढं काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन चार वर्षांपूर्वी झालं. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे इथली बडी असामी. मिठागरांचे ठेके त्यांचे, खडीच्या खाणी त्यांच्या, आणि खाडीपलीकडे नवं शहर होणार अशी कुजबूज सुरू झाल्यापासून जमिनीही त्यांच्याच होत चालल्या आहेत. नाव लिहीत नाही. इथल्या लोकांना त्याची गरज नाही. समारंभात काहीतरी नवीन हवं म्हणून मुख्याध्यापकांना विमानाची कल्पना मीच सुचवली. हसुराम नको म्हणत होता. गर्दीत विमान उडवायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, "मुलं बघतील रे, हसुराम." मुलं म्हटल्यावर तो विरघळला.

आधी फोटो काढला. अध्यक्षांनी विमान छातीशी धरलं, हसुरामला शेजारी उभं केलं. मग त्यानं मैदानाच्या टोकाला जाऊन विमान सोडलं. दोन फेऱ्या झाल्या. मुलं बेभान ओरडत होती आणि माझी मान ताठ झाली होती. तेवढ्यात अध्यक्ष खुर्चीवरून उठले, हार गळ्यात तसाच, आणि हसुरामजवळ येऊन त्यांनी हात पुढं केला. "आण रे इकडं. बघू तरी काय आहे."

हसुराम म्हणाला, "साहेब, उतरलं की दाखवतो. हवेत हाय तवर नको."

"अरे, मी काय खाणार आहे का ते?"

लोक हसले. मुख्याध्यापकांनी हसुरामकडे डोळे वटारून पाहिलं. हसुरामनं माझ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता कारण तिथं त्याचं म्हणणं समजणारा मी एकटाच होतो. आणि मी म्हणालो, "दे रे, दोन मिनिटांनी काय होतंय."

त्यानं दिलं. अध्यक्षांनी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला, आणि दाबूनच ठेवला. हसत होते. विमान कलंडलं, गिरक्या घेत खाली यायला लागलं. हसुराम ओरडला, "सोडा! साहेब, सोडा!" त्यानं हात घातला, पण साहेबांनी तो खांद्यानं झटकला. एका आगरी माणसानं चारचौघांत आपल्या हातातलं हिसकावून घ्यावं हे त्यांना कसं चालावं? विमान बायकांच्या बाजूला जाऊन आदळलं. तिथं हिराबाय बसली होती, बाजारात मासळी विकणारी. हसुरामचं विमान बघायला म्हणून त्या दिवशी तिनं टोपली लावली नव्हती. पंख्याचं पातं तिच्या डाव्या डोळ्यात गेलं.

यापुढचं लिहिताना मला माझ्याच हाताची शिसारी येते. तिला दवाखान्यात नेईपर्यंत अध्यक्ष त्यांच्या गाडीतून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक टाइप केलेला कागद फिरला. 'यंत्राची पेटी व बटण प्रथमपासून अखेरपर्यंत श्री. घरत यांच्याच हाती होते.' खाली सह्यांसाठी रेघा. मुख्याध्यापक म्हणाले, "कुणावर जबरदस्ती नाही." मग माझ्याकडे वळून, जरा आवाज उतरवून, "तुमच्या बढतीचा कागद परवाच्या सभेत यायचाय." मी सही केली. ठळक, वळणदार, नेहमी करतो तशी. मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर करतो तीच. त्या सभेत मी उपमुख्याध्यापक झालो. खोलीच्या दारावर पाटी लागली. अजून आहे. रोज तिच्याखालून जातो.

हिराबायचा जबाब घ्यायला जमादार दवाखान्यात गेला होता, तेव्हा मी तिथं होतो. ती अर्धं तोंड बांधलेली, पण स्पष्ट बोलली. "मी इमान बगतच नव्हते. इमान मी चारदा बगितलाय. मी त्या बाप्याच्या आंगठ्या बगत होते, केवढ्या हायत त्या. त्याच्याच हातात व्हता बटन." जमादारानं लिहिलं, 'डोळ्यास गंभीर इजा झाल्याने काही सांगू शकत नाही.' मी ते वाचलं. तोही कागद मी वाचला आणि गप्प बसलो.

कोर्टात साक्षी झाल्याच नाहीत, कारण हसुरामनं गुन्हा कबूल केला. मी त्याला विचारलं होतं, वेड्यासारखं, "तू सांगत का नाहीस?" तो म्हणाला, "लायसनावर काय लिवलंय, मास्तर? दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाय. दिलं कोनी? मीच ना." ताकीद देऊन सोडलं त्याला. लायसन रद्द झालं, पेटी जप्त झाली. वाशांना टांगलेले पंख त्यानं स्वतः उतरवले आणि वहिनींना चुलीसाठी दिले. मासिकं रद्दीत गेली. त्यानंतर त्यानं कधी आकाशाकडे बघून काही बोललेलं मी ऐकलं नाही.

एका डोळ्यानं हिराबायला अंतराचा अंदाज येईनासा झाला. पायरी कुठं संपते ते कळायचं नाही, टोपली खाली ठेवताना ती आदळायची. म्हणून रोज सकाळी ती बोळात शिरली की हसुराम काम टाकून उठायचा, तिच्या डोक्यावरची टोपली उतरवायचा, आणि दुपारी परत डोक्यावर चढवून द्यायचा. पावसाळ्यातही. चार वर्षं. ती त्याला शिव्या द्यायची, "सोड मेल्या, मी काय आंधली हाय?" आणि त्याची वाटही बघायची. मी समोर बाकावर बसून चहा पीत असे. तो मला पूर्वीसारखाच चहा मागवायचा, माझ्या मुलांची चौकशी करायचा. मला वाटायचं, त्याला माझ्या सहीचं ठाऊक नाही. त्या समजुतीवर मी चार वर्षं त्याचा चहा प्यायलो.

आता त्या गुरुवारच्या शोकसभेविषयी. टेबलावर हसुरामचा हार घातलेला फोटो होता. त्याचा वेगळा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून उद्घाटनाच्या दिवशीच्या फोटोतून त्याला कापून मोठा केला होता. अध्यक्ष कापले गेले होते, विमानही. पण हसुरामच्या खांद्याला लागून कोटाच्या बाहीचा एक तुकडा राहिला होता. अध्यक्ष बोलायला उठले. "आमच्या हसुरावांनी या मातीला पंख दिले," म्हणाले. जन्मात कधी त्यांनी त्याला हसुराव म्हटलं नव्हतं. "नियतीनं एक दुर्दैवी अपघात घडवला, पण आम्ही त्यांना कधी अंतर दिलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरोखर आलं, हे मी जवळून पाहिलं. खोटं बोलताना माणसाला खरे अश्रू येऊ शकतात ही गोष्ट मला या वयात कळली. दोन मिनिटं शांतता झाली, त्यांतलं अर्धं मिनिट मागून वड्यांचा चुरचुर आवाज येत होता. मग वडे आले. गरम होते. लोक म्हणाले, चटणी चांगली झालीय. मीही एक खाल्ला... आणि मग शाळेमागच्या गटाराशी जाऊन ओकलो.

घरी येऊन मी हा लेख लिहायला घेतला. अर्धा झाल्यावर वाटलं, आधी हिराबायला विचारावं. तिच्या घरी गेलो. ती दारात सुकट निवडत होती. मी सांगितलं की, मी सगळं खरं लिहिणार आहे, पेपरात येईल, तुझं नाव घालू का. तिनं मान वर केली नाही.

"घाल. माजा डोला गेला, नाव कशाला लपवू?" मग म्हणाली, "पन मना सांग मास्तर, तवा का नाय लिवलास? तवा तुजे हात मोडले होते?"

तीच पुढं म्हणाली,

"आता तो मेला. आता त्याला कोन वाचून दाखवील?"

तिनं सुपातली सुकट पाखडली. कचरा वाऱ्यानं माझ्या धोतरावर आला. ती सरक म्हणाली नाही आणि मी सरकलो नाही.

शेवटी अनसूयावहिनींकडे जायचं राहिलं होतं. गेल्या रविवारी गेलो. त्या दुकानातच होत्या. दुरुस्त होऊन पडलेले रेडिओ ज्याचे त्याला देऊन दुकान रिकामं करायचं, मग जागा सोडायची, असं त्यांचं चाललं होतं. प्रत्येक रेडिओच्या पाठीला हसुरामच्या अक्षरातली चिठ्ठी, दोऱ्यानं बांधलेली. कुणाचा, काय बिघडलं होतं, काय केलं. मी त्यांनाही सांगितलं, वहिनी, मी लिहितोय. आणि माझ्याही सहीचं लिहितोय.

वहिनी एका रेडिओवरची धूळ पुसत होत्या. पुसतच राहिल्या. म्हणाल्या, "यांना ठाऊक होतं, भाऊजी. जमादारानं सगळ्या सह्या वाचून दाखवल्या होत्या कोर्टाच्या आधी."

"मग... मला कधी काही बोलला नाही तो."

"मी म्हटलं होतं, आता त्यांना चहा पाजू नका. तर म्हणाले, मास्तरांशिवाय मला बोलायला कोन हाय?"

मी बाकावर बसून राहिलो. तेवढ्यात अध्यक्षांचा गडी आला. त्यांचा रेडिओ घ्यायला. वहिनी म्हणाल्या, हा तिसऱ्या दिवशीही आला होता, घरात अजून दिवा तेवत होता तेव्हा. मी उठलो. त्या गड्याला काय म्हणालो ते इथं छापण्यासारखं नाही. वहिनींनी मला हातानं थांबवलं, तो मोठा रेडिओ खाली घेतला, तार जोडली, गरम व्हायला वेळ दिला, आवाज लागला तो नीट ऐकला, मग बंद करून फडक्यात बांधून गड्याच्या हाती दिला.

"वहिनी, कशाला देता?"

"यांनी केलेलं काम आहे ते. नीट वाजतंय."

तो गेल्यावर त्या परत आत वाकल्या आणि मागच्या फळीवरून एक छोटा रेडिओ काढून माझ्यापुढं ठेवला. "हा तुमचा." माझाच होता. श्रावणात केव्हातरी, मध्येच बंद पडतो म्हणून मी तो देऊन गेलो होतो आणि विसरलो होतो. चिठ्ठी उलटून पाहिली. नेहमीचं त्याचं जाड पेन्सिलीतलं अक्षर. 'मास्तर. सगळा उघडून पाहिला. दोष नाही.'

रेडिओ घरी आणून कपाटावर ठेवला आहे. बायको रोज विचारते, लावत का नाही. मुलगी चिठ्ठी सोडायला गेली तर तिच्यावर उगाच खेकसलो. तो रेडिओविषयी लिहीत होता, हे मला कळतं. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. पण अजून मी त्याला हात लावलेला नाही.